दोन वितींचे स्पीकर

मनुष्यजातीचा इतिहास म्हणजे आपला आवाज दूरवर पोहोचवण्याचा इतिहास आहे. म्हापशाच्या रेडिओ-टेपच्या दुकानात उभ्या असलेल्या गोकुळदासला मात्र तो दोन वितींत बसवायचा होता.

"दोन वीत. वयर एक बोट नको," त्याची बायको नंदा काउंटरवर हात पसरून म्हणाली. "मखराच्या बाजूक तितकीच जागा आसा."

"वहिनी, आवाज पाहिजे तर खोका मोठा लागतो," विक्रेता संतोष म्हणाला.

"मगे ह्यांका भायर बसवचा लागात," नंदा नवऱ्याकडे बोट करून म्हणाली.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, ते हे वर्ष. पणजीच्या सरकारला आपला आवाज मराठीत ऐकू जावा की कोंकणीत, यावर त्याचे सगळे पेडणे भांडत होते. पंचायतीत कारकून असलेल्या गोकुळदासने दोन्ही बाजूंची निवेदने एकाच टंकयंत्रावर टाईप करून दिली होती. त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे लहान होते. त्याचे घर वस्तीच्या, म्हणजे वाड्याच्या, शेवटाला. चवथीला बाबुरावची आरती मंडळी घुमट, म्हणजे मागून उघडा असलेला मातीचा ढोल, बडवत घरोघर फिरे आणि गोकुळदासकडे पोहोचेपर्यंत तिचे गळे बसलेले असत. लग्न झाल्यापासून त्याच्या घरी पुरी आरती अशी झालीच नव्हती. म्हणून गेल्या चवथीला त्याने पहिल्या घरी जाऊन ताज्या गळ्यांची आरती टेप करून ठेवली होती. ती आता घरच्या टेप-डेकवर आपल्या गणपतीसमोर वाजवायची.

संतोषने सिनेमाची गाणी पुढे केली. गोकुळदासने आरतीची कॅसेट घातली. मोठ्या खोक्यातून घुमट असा घुमला की शोकेसची काच थरथरली.

"घुमट बरो," गोकुळदास म्हणाला, "पण झांजांक पडसा झालाहा."

दुसऱ्या जोडीत झांजा खणखणीत. घुमट मात्र बिस्किटाचा डबा. तिसरी जोडी बुटकी, लाकडी. गोकुळदासने घुमट धरताना घालतात तसा सवयीने मागे हात घातला आणि थबकला. मागच्या भोकातून तळव्यावर वारा येत होता.

"नंदा, हात लाव. घुमटाच्या तोंडाकडे लागता तसोच!"

नंदाने हात लावला. मग वीत लावली. "बसता," ती म्हणाली, आणि खरेदी झाली.

चवथीच्या संध्याकाळी गोकुळदासने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बटण दाबले. घुमट जमिनीतून वर आला, झांजा मखरावर टांगलेल्या माटोळीतल्या काकड्यांपर्यंत चढल्या. पहिल्या घरी मांडी घालून बसलेल्या बाबुरावला स्वतःचाच घुमट वाड्याच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू आला. तो वाद्य मांडीवरून काढून उठला आणि त्याच्यामागे अख्खी मंडळी. त्या दिवशी पेडण्यात प्रथमच आरती उलटी फिरली: शेवटचे घर पहिले झाले.

"अरे, ह्यो माझो हात!" बाबुराव दारातूनच ओरडला.

"तुझोच तो. ताजो आसताना कसो वाजता, आयक," गोकुळदास म्हणाला. इतके वर्मी लागणारे बोलणे त्याला आयुष्यात जमले नव्हते.

मंडळी बसली. निरांजन न लावताच कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. स्वतःच्या सुरांना स्वतःच माना डोलावल्या. नंदाच्या खोबरे भरलेल्या नेवऱ्यांची परात रिकामी झाली. तिला आज कोणी "पटकन आटपा" म्हणाले नाही. गोकुळदास यजमानासारखा खांबाला टेकून उभा होता.

"गोकुळदासा, जिकलंस रे!" बाबुराव म्हणाला. "ह्या वर्साक गळे वाचले. आणि पेट्यो केवढ्योश्यो! काखेत रवतत." त्याने एक काखेत घालून दाखवली. दुसरी दुसऱ्या कोणी घातली. गोकुळदास नको म्हणायला तोंड उघडतो तोवर डेकही तिसऱ्याच्या डोक्यावर चढला होता.

मग वाड्यातल्या बाकीच्या प्रत्येक घरी पुरी आरती झाली. दरवेळी लोक स्पीकर कोणाचे म्हणून विचारत, आणि बाबुराव मोठ्याने गोकुळदासचे नाव सांगे. ते शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येई.

नंदाने निरांजन लावले.

"आयकलात? आपल्या गणपतीची आरती रवली," ती म्हणाली.

दोघांनी टाळ्या वाजवून म्हटली.