हलकी जोडी

त्या संध्याकाळी वस्ताद बाबनराव हातमाग थांबवून मागच्या अंगणात आले. अंगणातच त्यांचा छोटा आखाडा होता. नेहमीप्रमाणे दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काय करून आला गा?"

मित्रांनो, मी आखाड्यात फिरवायचा एक जुना लाकडी मुद्गल आहे. एकोणीसशे साठच्या सुमारास महाल भागातल्या एका काताऱ्याने मला आणि माझ्या जोडीदाराला सागवानातून घडवलं. आम्ही हलकी जोडी. शेजारी शिसवाची जड जोडी होती आणि सगळ्यांचा डोळा तिच्यावर. मला हातात घ्यायला लोक लाजत.

पण कोणी काय फिरवायचं हे बाबनराव ठरवत, आणि ठरवताना ते दंडांपेक्षा माणसाच्या दिवसाकडे बघत.

कापड दुकानात गादीवर बसणारा गुलाबचंद म्हणे, "वस्ताद, दिवसभर काहीच केलं नाही. ताजा आहो. मले जड द्या."

"म्हणूनच देत नाही गा. गादी अजून तुह्या पाठीले चिकटून आहे. आधी तिले सोडव."

मग तो मला फिरवी. सुरुवातीला त्याचे खांदे कुरकुरत, श्वास अडखळे. हळूहळू अंगाला घाम फुटे, हात मोकळे होत, आणि तोच गुलाबचंद जड जोडी सहज डोक्यामागून काढी.

विणकर वामनरावांनाही मीच मिळे, पण कारण उलटं. मी हलका असूनही त्यांच्या मुठीत थरथरत असे. "वामनराव, तुमचे खांदे मागावरच जोर काढून आले," बाबनराव म्हणत. "जड घ्याल तर उद्या धोटा फेकता येणार नाही."

जोडी तीच, वजन तेच. आधी काय घडलंय त्यावरून शरीर वेगळं उत्तर देतं, हे मी माणसांच्या तळहातांतून शिकलो.

बाबनराव स्वतःही विणकर. म्हणून जड जोडी ते सुट्टीलाच घेत, एरवी मला. त्या दिवशी मात्र लग्नाचं लुगडं पुरं करायला ते पहाटेपासून मागावर होते आणि संध्याकाळी गुलाबचंदाने हट्ट धरला, "वस्ताद, एकदा जड जोडी फिरवून दाखवा ना." त्यांनी मला वामनरावांकडे दिलं आणि ती उचलली. फिरवलीही, सुरेख. सगळे बघत राहिले.

तेवढ्यात त्यांची मुलगी पुष्पलता शाळेत शिकवून परतली. घाम पुसत त्यांनी तिलाही विचारलं, "काय करून आली वं?"

"काही नाही, बाबा," म्हणत ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागावर बसल्याबसल्या गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळचा त्याच्याशी काही संबंध होता का, ते कोणालाच सांगता आलं नाही.

आखाडा बंद पडला. जड जोडी दुसऱ्या आखाड्याने मागून नेली. मला कोणी मागितलं नाही. मागाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी कित्येक वर्षं त्याला टेकू होतो. बुडाशी कीडही लागली.

मग एका संध्याकाळी पुष्पलताने मला उचललं, पुसलं, तेल लावलं. दिवसभर फळ्यावर लिहून दमलेला तिचा हात मला खांद्यापर्यंतही नेऊ शकला नाही.

मित्रांनो, आम्हा लाकडांना वर्षाकाठी तेलाचा एक हात पुरतो. माणसाच्या हाती भार देण्याआधी मात्र त्याला काही विचारावं लागतं. जो सगळ्यांना विचारतो, त्यालाही.

ती मला मांडीवर घेऊन बसली. रिकाम्या मागाकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुम्ही काय करून आले?"