झाऱ्याची घंटी

कवडू एसटीतून निवृत्त झाला तेव्हा अन्नपूर्णेला वाटलं, चला, एकतीस वर्षांनी का होईना, नवरा घरी आला. आर्वी डेपोची गाडी हाकताना हा माणूस आज अमरावतीला, उद्या नागपूरला, परवा कुठल्या तरी खेड्यात मुक्कामाला. रोहणा गावातल्या घरी नवरा येत नाही, नुसता त्याचा डबा धुवायला येतो, असं ती शेजारणींना सांगायची. आता तो अंगणात बसेल, चहा पिईल, पोटभर भांडेल, असे तिचे मनोरे रचून झाले होते. आणि पठ्ठ्यानं काय करावं? महिना उलटायच्या आत देवळीहून शाळेची जुनी पिवळी मिनीबस विकत आणली आणि तिच्यात घर बांधायला काढलं! घरी बसायच्या वयात घरालाच चाकं लावणारा नवरा साऱ्या तालुक्यात नेमका आपल्याच वाट्याला यावा, याचा तिला मनस्वी राग आला.

"सांची पाहू, बुद्धगया पाहू," तो म्हणे. "साऱ्या जगाले फिरवलं मी, तुलेच नाई फिरवलं."

"मले घरीच बरं हाये जी. अन् तुमीबी घरीच बसा."

बसतो कशाला! त्यानं बाकडी उपटली, खाट ठोकली, आणि खाटेखाली संत्र्याची प्लास्टिकची कॅरेटं दोरी बांधून अशी सरकवली की ओढली की झाला खण. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल काप काढले आणि एकेका भांड्याला कमरपट्टा घालून फळीशी बांधून टाकलं. मसाल्याच्या बरण्यांची झाकणं त्यानं फळीच्या खालून स्क्रूनं पक्की केली. बरणी वर धरून फिरवायची की ती फळीला वटवाघळासारखी लटकली. सुरी हरवू नये म्हणून बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक भिंतीला डकवलं. पण खरी कमाल पडद्याची. नोकरीतल्या सहा खाकी पँटींचे खिसे कापून त्यानं एका चादरीवर शिवले आणि कंगवा, चष्मा, गोळ्या, चमचे, टॉर्च असं एकेकाला एकेक खिसा दिला. अन्नपूर्णा येता-जाता नाक मुरडायची, पण तो नसला की हळूच एखादी बरणी फिरवून बघायची. छान फिरत होती मेली.

शेवटी तिनं अट घातली. "आर्वीपर्यंत नेऊन दाखवा. पोचेपर्यंत माह्या सैपाकातलं एकबी भांडं खाली पडलं, तर मी येनार नाई, तुमीबी जायचं नाई, अन् हे धूड विकून टाकायचं."

"मंजूर!" कवडू म्हणाला. स्वतःच्या ट्यूबवर त्याचा फार विश्वास.

अन्नपूर्णाही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. निघताना तिनं आंब्याच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी वरच्या फळीच्या काठावर ठेवली, आणि ट्यूब काही घातली नाही. मग पदर खोचून, अगदी साळसूद चेहऱ्यानं खाटेवर बसली.

गाडी निघाली. खड्डे आले, गतिरोधक आले, पण एक वाटी हलेल तर शपथ. अन्नपूर्णेचा चेहरा उतरत चालला. एवढ्यात एका खड्ड्यानं आकड्याला टांगलेला झारा शेजारच्या स्टीलच्या पातेल्यावर आपटला. टिंग!

कवडूनं कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी.

"कोन उतरून राह्यलं?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"कोन उतरन? मी एकटीच हाओ इथं!"

कवडू गोंधळला, कान खाजवत बसला. तेवढ्यात शेजारून ट्रॅक्टर धडधडत गेला, गाडी हादरली आणि झारा पुन्हा वाजला. टिंग टिंग! लगेच कवडूनं गिअर टाकला आणि गाडी सुटली.

आता अन्नपूर्णेच्या डोक्यात प्रकाश पडला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकतीस वर्षं कंडक्टरच्या दोरीवर चाललेला पाय तो. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता की गाडी तो चालवत नसून झारा चालवतोय. टिंग, थांबला. टिंग टिंग, निघाला. एकदा भर रस्त्यात तीन घंट्या वाजल्या तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर गेला, तिथून क्लचवर आला आणि मधेच लटकला. अन्नपूर्णा तोंडात पदर कोंबून हसू लागली. झारा काढून ठेवणं तिच्या हातात होतं. पण का काढावा? एका चांगल्या ब्रेकची तर ती वाट बघत होती.

पुढच्या टिंगला गाडी थांबली ती नेमकी निंबाखाली उभ्या असलेल्या एका म्हातारीसमोर. म्हातारी बिनधास्त वर चढली, खाटेवर टेकली आणि गाठोडं मांडीवर घेतलं. टिंग टिंग झालं, गाडी निघाली.

"आर्वी किती घेता वं, बाई?" तिनं अन्नपूर्णेला विचारलं आणि मग तिची नजर लटकत्या बरण्यांवर गेली, खिशांवर गेली, शेगडीवर गेली. "माय वं! ह्ये तं घर हाये! मी अनुसया, बाजाराले चालली होती. तुमी घर घेऊन कुठं चालले बाप्पा?"

"बुद्धगयेले!" पुढून कवडू ओरडला.

"हो का? मले आर्वीलेच उतरवजा."

आता मात्र अन्नपूर्णेला हसू आवरेना. ती खदखदून हसली, अनुसयाबाई आपण कशाला हसतोय हे न कळताच हसली, पुढं कवडूचे खांदेही हलू लागले. त्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं की नवरा गाडी कशी चालवतो हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या जादा गाड्या तो हाकायचा आणि ती बायकांबरोबर भलत्याच गाडीत असायची. मान ताठ, दोन्ही हात चाकावर, गुरं दिसली की आधीच हळू होणारा पाय. एवढी वर्षं लोकांनी हे फुकटात पाहिलं आणि आपण घरी डबा धूत बसलो, असं तिला वाटलं.

आर्वीचं वळण आलं. टिंग! ब्रेक असा बसला की वरच्या फळीवरची बरणी काठ सोडून निघाली.

अन्नपूर्णेला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहिलं की ती जिंकली होती. पण ती खाटेवरून अशी झेपावली की अनुसयाबाईचं गाठोडं उडालं, आणि बरणी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

बाजाराशी अनुसयाबाई उतरली. तिनं पैसे पुढं केले ते कवडूनं हात जोडून परत केले. मग तो मागं आला, एकेक भांडं बघत, फुगत फुगत, थेट अन्नपूर्णेच्या मांडीवरच्या बरणीपर्यंत.

"ही तुह्याजवळ कशी वं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिला जमेना. "पडून राह्यली होती. मी धरली. अन् ट्यूबबी मीच नव्हती घातली."

कवडू पायरीवर बसला. "तुनं धरली नसती तं फुटलीच असती. म्हंजे हारलो मी. विकून टाकू." आणि त्यानं गाडीची किल्ली तिच्याजवळ ठेवली. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

अन्नपूर्णा वर फळीकडे बघत राहिली.

"अजी, हे फळकूट इतकं उंच काऊन ठोकलं?"

"माह्या हातानं मोजलं."

"अन् सैपाक काय तुमी करान? चार बोटं खाली घ्या. माहा हात नाई पुरत तिथं."

कवडू धडपडत उठला, पडद्याच्या साऱ्या खिशांत शोधून मोजपट्टी काढली.

"हात वर कर पाहू," तो म्हणाला, आणि भर बाजारात अन्नपूर्णेनं हात वर केला.