आर्डिसबाईंची जांभळी अ‍ॅस्टर

नोटीस आर्डिसबाईंनी दारात उभ्या उभ्याच वाचली आणि त्यांचं डोकं फिरलं. समोरच्या अंगणातलं दहा इंचांहून उंच ‘तण’ गुरुवारपर्यंत कापा, नाहीतर नगरपालिकेचा माणूस मशीन घेऊन येईल. तण म्हणे! कमरेएवढी जांभळी अ‍ॅस्टर, शेंड्याशेंड्याला कळ्या, आणि ह्यांना ते तण दिसतं.

तक्रार कुणी केली हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेजारचा व्हर्लिन. त्याचं लॉन म्हणजे नुकती घोटून केलेली दाढी. जुलैत हाच येऊन म्हणाला होता, “आर्डिस, जरा आटोक्यात ठेव गं ती झाडं.” आता विस्कॉन्सिनमध्ये शेंबडं पोरही सांगेल की चार जुलैनंतर अ‍ॅस्टरचे शेंडे खुडायचे नाहीत. पण शेजारधर्म म्हणून बाईंनी महिनाअखेरीस पुन्हा खुडले. झाडं काही बुटकी राहिली नाहीत, बहर मात्र दोन आठवडे लांबला. सप्टेंबर संपत आला तरी एक फूल नाही. घ्या, भलेपणाचं फळ!

बुधवारी सकाळी नगरपालिकेचा क्रेग मोजपट्टी घेऊन पाहणीला आला.

“फुललेली असती तर बाग म्हणून लिहिलं असतं, बाई. आता नुसता पाला दिसतोय.”

“दहा दिवस थांब. फक्त दहा.”

“तारीख माझ्या हातात नाही हो. आणि मुळं राहतातच की. पुढच्या वर्षी येतील परत.”

“पुढच्या वर्षी?” बाईंचा आवाज चढला. “एकोणऐंशी वर्षांची आहे मी. पुढच्या वर्षाची हमी तू लिहून देतोस? दे, आत्ता दे. पेन आणते!”

क्रेग मान खाली घालून गेला. बाई पायरीवर बसल्या. एप्रिलपासून ह्या एका बहराची वाट पाहिली होती. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. नोटीस पुन्हा वाचली. मग उठून त्यांनी मैत्रिणीला फोन लावला.

“मेव्हिस, तळघरात आइस्क्रीमचे रिकामे डबे किती आहेत तुझ्या?”

“अगं बाई, कोण गेलं? बटाट्याचं सॅलड किती जणांचं करायचं?”

“अजून कुणी नाही. व्हर्लिन जाईल बहुतेक. डबे आण, आणि कात्रीही.”

तिकडे आइस्क्रीमचा बादलीएवढा डबा कुणी टाकत नाही; कुणी गेलं की मयताच्या जेवणाचं सॅलड त्यातूनच चर्चमध्ये जातं. मेव्हिस चर्चमधल्या आणखी दोघींना घेऊन आली, गाडीत चाळीस डबे. चौघींनी संध्याकाळपर्यंत एकूण एक देठ जमिनीपासून वीतभर ठेवून कापला. डब्यांच्या तळाशी दगड, वर पाणी, त्यात अ‍ॅस्टर. पायऱ्यांवर, वाटेवर, टपालपेटीभोवती, व्हर्लिनच्या हद्दीपर्यंत डबेच डबे.

गुरुवारी क्रेगने खुंट मोजले. आठ इंच.

“आणि हे काय?”

“डबे. नोटीस चारदा वाचली मी. डब्यांबद्दल एक अक्षर नाही.”

क्रेगने खिशातली प्रत काढून वाचली. “नाही खरं,” म्हणाला आणि मशीन पुन्हा गाडीत चढवून निघून गेला.

पण जिंकल्या असं बाईंना वाटेना. कापलेल्या कळ्या उमलतीलच असं थोडंच आहे? रोज सकाळी पाणी बदलायचं, सुकलेला देठ काढून टाकायचा. “फुला गं बायांनो, नाक कापू नका माझं,” त्या डब्यांना दटावायच्या. शुक्रवार गेला, शनिवारही ढगात गेला.

रविवारी ऊन पडलं. बाई कॉफी घेऊन बाहेर आल्या तर टपालपेटीपाशी जांभळंच जांभळं, मध्ये पिवळे ठिपके, आणि त्यावर मधमाश्या. सगळ्या कळ्या नव्हत्या उमलल्या. निम्म्या उमलल्या होत्या. बाईंनी खुर्ची ओढली आणि ऐन डब्यांमध्ये मांडली.

व्हर्लिन हद्दीवर येऊन उभा राहिला. “आर्डिस, काय मिळवलंस गं एवढं करून? आठवडाभरात सुकतील ही.”

“सुकू देत की. मला यंदाची बघायची होती, बघतेय,” बाई म्हणाल्या. “तू सरक जरा. ऊन अडवतोयस त्यांचं.”