एकाच हाताचं मोले

मिरच्या करपत होत्या आणि सासूबाईंना ते कळत नव्हतं. मातीच्या तव्यावर त्या सावकाश मिरच्या परतत होत्या. मी दारात टर्कीची पिसं काढत बसले होते. मोले म्हणजे मिरच्या वाटून केलेला दाट रस्सा; त्यात एक जरी करपलेली मिरची गेली, तरी सगळं पातेलं कडू होतं. मग वरून कितीही चॉकलेट ओता. सासरचा कडूपणा एक वेळ जाईल, त्या मिरचीचा जात नाही.

हिवाळ्यात आलेल्या तापापासून त्यांना वास येईनासा झाला होता. आंबलेलं दूध कॉफीत घालून त्या शांतपणे प्यायल्या, तेव्हा मला कळलं. त्या बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. चाळीस वर्षं गावातल्या लग्नाबारशाचं मोले सासूबाईंच्या, म्हणजे एर्मिनियाबाईंच्याच हातचं. आणि उद्या सासऱ्यांना जाऊन वर्ष होत होतं, त्याची प्रार्थना होती, अख्खं गाव जेवायला येणार होतं. नवऱ्याच्या नावाने रांधलेलं कडू झालं असतं, तर ही बाई पुन्हा कुणाच्या चुलीपुढे उभी राहिली नसती.

सांगावं तर समोर ओब्दुलिया आत्या बदाम सोलत बसलेल्या. सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांच्या कानावर पडलेलं देवळाच्या घंटेआधी गावभर होतं. त्यांना नेमकी सर्दी झाली होती, एवढंच माझं नशीब.

"मारिक्रूस, टोपली घेऊन जा, मिरच्या भिजत घाल," सासूबाई म्हणाल्या.

मी टोपली उचलली, मुद्दाम उंबऱ्याला पाय अडकवला आणि मिरच्या पिसांच्या घाण पाण्यात पालथ्या केल्या.

"काय गं, डोळे कपाळाला लावून चालतेस का?" आत्या म्हणाल्या. "एर्मिनिया, मी तेव्हाच सांगितलं होतं, पलीकडच्या गावची पोरगी करू नका म्हणून."

"सहा वर्षं झाली, वन्सं. आता कुठे परत पाठवू तिला?"

असं म्हणत सासूबाई अंगणात आल्या. वाकून त्यांनी एक मिरची उचलली, उन्हात धरून मोडली. आत निव्वळ कोळसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी त्यांची पकडली गेली होती आणि लाज मला वाटत होती. मिरचीचे दोन्ही तुकडे त्यांनी एप्रनच्या खिशात टाकले.

"माळ्यावर अजून आहेत," त्या म्हणाल्या. "या खेपेला तू भाज. मला धूर सोसत नाही हल्ली."

"अहो आई, पण मी..."

"भाज म्हटलं ना."

मी भाजल्या, भिजवल्या. तीळ, बदाम, टोमॅटो, तळलेली शिळी मक्याची भाकरी, सगळं पाट्यावर वाटून झालं. चरबी तापली. आमच्याकडे मोले एकाच हाताने हलवतात. डाव पहिल्यांदा ज्याच्या हातात, त्याच्याच हातात शेवटपर्यंत. हात बदलला की मोले फाटतं. या घरात तो लाकडी डाव मी फक्त धुतला होता.

वाटण चरबीत पडून चर्र झालं आणि सासूबाईंनी डाव माझ्यापुढे धरला.

"आई, लोक तुमच्या हातचं जेवायला येणार आहेत."

"येऊ देत. घे लवकर, खाली लागेल."

मी डाव घेतला. तास झाला, दंड भरून आला. मोले जड होऊन बुडबुडे फोडायला लागलं, तशी मी घाबरले.

"आई, फार दाट होतंय हो. एकदा बघता का हलवून?"

त्या आत्यांशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"टर्की शिजवल्याचं पाणी घाल थोडं," त्या म्हणाल्या. "आता मी हात लावला तर फाटेल."

आत्यांनी मान वर करून माझ्या हातातल्या डावाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या वरून पेरायचे तीळ ताटात निवडायचे होते. त्यांनी ताट मध्ये सरकवलं आणि सासूबाई त्यांच्या बाजूचे तीळ निवडायला लागल्या.