पाच पावलांची खोली

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये त्याला सगळे 'सर' म्हणायचे. घरी मात्र सेहेचाळिसाव्या वर्षीही तो बाळ्याच होता, कारण आई हयात होती आणि तिच्या तोंडात दुसरं नाव बसत नव्हतं. तर ह्या बाळ्याने एका रविवारी जाहीर केलं, की घराच्या मागे एक खोली वाढवायची आणि ती आपणच बांधायची. नोकरी सांभाळून.

बायको भाजी चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आपण म्हणजे कोणी?"

"मी."

"गेल्या वर्षी तुम्ही खिळा ठोकलात, तो अजून कॅलेंडरसुद्धा पेलत नाही."

हे अगदी खरं होतं. तो खिळा अजूनही मान टाकून बसलाय. पण बाळ्याने एकदा मनावर घेतलं, की समजवायला जाणाऱ्याचीच दमछाक व्हायची.

आता खोली कशाला हवी होती, ते ऐका. आई जन्मभर कपडे शिवायची आणि नवऱ्यामागे एकटीच एका भाड्याच्या खोलीत राहायची. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले. मुलगा-मुलगी दोघं धावत आली, चल म्हणाली. आई हलली नाही. तीस वर्षं त्या खोलीत काढलेली. खाटेपासून दारापर्यंत पाच पावलं. खाट, कपाट आणि शिवणाचं मशीन ओळीने एकाच भिंतीला, त्यावरून हात फिरवत गेलं की थेट मोरी. दिव्याचं बटण खांद्याला. दिवा तिच्या काय कामाचा, पण संध्याकाळी ती लावायची, म्हणे येणाऱ्याने धडपडू नये. "ह्या खोलीत मी आंधळी नाही," ती म्हणायची, "आंधळी होते ती उंबरठ्याबाहेर."

आणि मग घरमालकाने दोन महिन्यांची मुदत दिली. सगळी चाळच पाडून नवीन बांधायची होती.

म्हणून बाळ्याचं ठरलं. जशीच्या तशी खोली, इंचाचाही फरक नाही, फक्त जागा दुसरी. बायको म्हणाली, "कल्पना चांगली आहे, पण कंत्राटदाराला द्या ना. महिन्यात मोकळे व्हाल."

"कंत्राटदार विटा मोजेल. आईची पावलं कोण मोजणार?"

तीन महिन्यांत खोली उभी करतो, असा शब्द त्याने आईला दिला आणि तोवर तिला आपल्या बहिणीकडे पोचवलं.

जुनी खोली रिकामी करण्याच्या आदल्या दिवशी तो मापं घ्यायला गेला. टेप न्यायला विसरला होता, पण आईच्या मशीनच्या खणात तिची कापडी टेप होती, पिवळी, कडा झिजलेली, तिचं आख्खं आयुष्य जिने मापलं तीच. त्याने भिंती मोजल्या, दार मोजलं, खिडकी जमिनीपासून किती, बटण किती, खुंटी किती, सगळं मोजलं आणि वहीत लिहिलं. नंतर बांधकामासाठी म्हणून मस्त नवी स्टीलची टेप विकत आणली. इथेच घोळ झाला, पण तो कळायला अकरा महिने लागले.

हो, अकरा. तीन महिने कसले! लॅब आठ ते पाच. साडेपाचला घरी, पावणेसहाला हातात थापी, अंधार पडला की बंद. उरले रविवार. शेजारी एक निवृत्त गवंडी राहायचे, त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. ते खुर्ची टाकून बसायचे आणि बोलायचे, विटेला हात लावायचे नाहीत. कंबर गेली होती, जीभ शाबूत होती.

"साहेब, ओळंबा भिंतीला लावायचा असतो, हवेला नाही."

"साहेब, हा माल कालवलाय की खीर केलीये?"

पहिली भिंत कमरेएवढी झाल्यावर त्यांनी एक डोळा मिटून पाहिली आणि म्हणाले, "पाडा." त्याने पाडली. दुसऱ्यांदा बांधलेली पाहून ते काही बोलले नाहीत, तेव्हा बाळ्याला पेढे वाटावेसे वाटले. सिमेंटने हाताची सालटी निघाली. लॅबमध्ये हातमोजे चढवताना तो ओठ दाबायचा आणि बाई डॉक्टर विचारायच्या, "सर, सुट्टीच्या दिवशी हातांचं करता तरी काय?" तिथे मात्र त्याचं एकही काम चुकत नव्हतं. रोज सकाळी प्रत्येक मशीनला आधी ठरावीक नमुना घालायचा, त्याचा आकडा बरोबर आला तरच पेशंटचं रक्त लावायचं, हा त्याचा बावीस वर्षांचा नेम. मशीनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे तो नव्या पोरींना कानीकपाळी ओरडून सांगायचा.

मधल्या काळात तो आईला भेटायला जायचा, पण महिन्यातून एकदा. वेळ कुठे होता? आई बहिणीच्या हॉलमध्ये खुर्चीत बसलेली असायची. बहीण फार मायेची. पाणी हातात, ताट हातात, न्हाणीपर्यंत हात धरून नेणार, पुन्हा आणून बसवणार. कुठे ठेच लागू नये म्हणून.

"महाराणी झालेय मी," आई म्हणायची. "खोली कुठवर आली?"

"खिडकीपर्यंत."

पुढच्या वेळी "पत्र्यांपर्यंत." त्याच्या पुढच्या वेळी "गिलावा चाललाय." एकदा ती म्हणाली, "बाळ्या, मी असेपर्यंत होईल ना रे?" आणि स्वतःच हसली. तो हसला नाही. परत येऊन त्या रविवारी त्याने जेवणसुद्धा उभ्याने केलं.

अखेर झाली. पांढरा रंग, दार, कडी, जुन्या जागेवर खुंटी, जुन्या जागेवर बटण. रविवारी सकाळी बहीण आईला आणणार होती. शनिवारी त्याने रजा टाकली आणि इतके दिवस एका गोदामात ठेवलेलं आईचं सामान टेम्पोने आणलं. खाट लावली. कपाट लावलं. मशीन लावायला गेले, तर मशीन बसेना.

"सरकवा जरा," बायको म्हणाली.

"कुठे सरकवू? भिंतीत?"

दोन बोटं कमी पडत होती. त्याने वही काढली, स्टीलची टेप लावली. वहीत एकशे चाळीस इंच, भिंत एकशे चाळीस इंच. सगळं बरोबर आणि मशीन बाहेर. मिस्त्री खुर्ची घेऊन आत आले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "साहेब, भिंत चोख आहे. चूक माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

बायको मशीनचा खण उघडून बघत होती. तिला ती पिवळी टेप सापडली. तिने सहज ती जमिनीवर पसरली, शेजारी स्टीलची टेप ओढली आणि म्हणाली, "अहो, हे बघा."

कापडी टेप साठ इंचांवर संपत होती. त्याच ठिकाणी स्टीलची टेप म्हणत होती, पावणेबासष्ट.

तीस वर्षं गळ्यात अडकवून, ओढून, ताणून ती टेप सैल झाली होती. आईला ते ठाऊक असणार, तिचा हात आपोआप हिशेब करत असणार. बाळ्याला ठाऊक नव्हतं. बारा फुटांची खोली त्या टेपने कमी भरली आणि त्याने ती इमानेइतबारे कमीच बांधली. चार इंचांनी लहान. रोज सकाळी लॅबच्या मशीनची परीक्षा घेणारा माणूस, आणि आईची टेप एकदाही पारखली नाही! तो तिथेच खाटेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"भिंत काय रबर आहे? नाही वाढायची आता," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "राहू द्या. चार बोटांनी काय होतंय?"

"तिला होतं," बाळ्या म्हणाला. "तिला चार बोटांनीच होतं."

मशीनच्या बाजूला कापड पसरायची एक घडीची फळी होती. तिच्या बिजागऱ्या काढल्या तेव्हा कुठे मशीन कसंबसं बसलं. पण दाराचं काय? खाटेपासून दारापर्यंतच्या वाटेवर तीन इंच तरी गेले होते. पाचवं पाऊल पुरतं टाकायला जागा राहिली नव्हती, आई दारावर आपटणार. उद्या आल्याआल्या सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. आई, माफ कर, अकरा महिने लावले आणि तेही चुकवलं.

रविवारी दहा वाजता आई आली. बहिणीने हात धरून तिला खाटेवर बसवलं. आईने खाटेची कड चाचपली, उशाशी कपाट चाचपलं, कपाटापुढे मशीन. तिचा हात फळीच्या जागी थबकला.

"फळी कुठे गेली?"

"आई, तेच सांगायचंय, खोली जरा..."

"गप रे. मोजू दे." ती उठली. बहीण पुढे झाली तशी तिने हात झटकला. "सोड गं! वर्षभर धरून बसलीस तेवढं पुरे."

तिने पाठ ताठ केली आणि चालायला लागली. सगळे श्वास धरून उभे. एक. दोन. तीन. बाळ्या दारापाशी जाऊन थांबला, आपटली तर सावरायला. चार. पाच. आणि तिने हात पुढे केला तो बरोबर कडीवर.

"बघा!" आई ओरडली. "पाच! मोजून पाच! सांगितलं नव्हतं मी? माझ्या बाळ्याचं माप चुकायचं नाही!"

बहीण रडायलाच लागली. बायकोने चकित होऊन नवऱ्याकडे पाहिलं. बाळ्यालाही क्षणभर वाटलं, की सुटलो. मग त्याच्या मनाने बावीस वर्षांच्या सवयीने आकडा पुन्हा तपासला. दार तीन इंच जवळ होतं, हे नक्की. पावलं पाचच झाली, हेही नक्की. म्हणजे बदललं होतं ते पाऊल. अकरा महिने खुर्चीत बसून आईचं पाऊल आखूड झालं होतं आणि खोली तिला नेमकी मापात बसली होती. कंत्राटदाराने ती महिन्यात बांधली असती.

त्याला फार वाईट वाटलं.

"काय रे, गप्प का? काय सांगणार होतास?"

"काही नाही," तो म्हणाला. "रोज दहा चकरा मारायच्या, आई. खाट ते दार."

"दहा? लॅबवाला होतास, मास्तर कधी झालास?"

"दहा म्हणजे दहा. मी मोजायला येणार."

"ये बाबा ये." ती खाटेकडे वळली, मोठ्याने आकडे म्हणत, कुणाचाही हात न घेता. बाळ्या दारात उभा राहून तिच्या पायांकडे बघत राहिला. आता त्याला एकच हवं होतं, की एखाद्या सकाळी तिचं पाचवं पाऊल दारावर आपटावं, तिने कपाळ चोळावं आणि खोली लहान बांधलीस की रे मेल्या, म्हणून त्याला चांगल्या शिव्या घालाव्यात.

"पाच," आई म्हणाली आणि खाटेवर बसली. "ही झाली एक. फळी लावून दे पुन्हा."