नात्याच्या रकान्यात गाव

मी खातं बोलतोय. बँकेतलं नव्हे, माझ्यात छदामही कधी नव्हता. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या चौकशी खिडकीमागे कॉम्प्युटर आहे, त्यात पालकांची खाती आहेत, त्यांतलं मी एक. पालकाचा फोन आला की खिडकीवरची मुलगी मला उघडते, पालक काय म्हणाले ते माझ्यात टाईप करते आणि मला मिटून टाकते. उघडायचं, लिहायचं, मिटायचं. इतकी वर्षं हेच चाललंय. दमलोय, खोटं कशाला बोलू?

माझा जन्म जूनमधला. दहावीचे निकाल लागले की लातूरच्या त्या गल्ल्यांमधून चालायला जागा उरत नाही. पुढे गादीची वळकटी आणि बादली घेतलेला बाप, मागे मान खाली घालून पोरगं, आणि भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो. त्या वर्षी क्लासने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. पुण्याहून एक माणूस आला, दुपारभर शिकवून चहा पिऊन गेला. त्याच्या शिकवण्यातलं एकच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं: ज्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे तो रिकामा सोडायचा नाही, सोडला तर खातं तयारच होत नाही.

मला तयार केलं सबिहाने. ही मूळची नांदेडची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मकसूदभाईंची मुलगी. लातूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून नोकरी करायची. बोटं चपळ, आवाज मऊ, आणि वैतागली की पेनचं टोपण चावायची सवय.

त्या दिवशी खिडकीशी तिघं उभी होती. रुद्राणी नावाची मुलगी, तिचे वडील गुरुपादप्पा आणि धोतर-टोपीतला एक म्हातारा, मलप्पा. निलंग्याकडच्या एका खेड्यातून आले होते.

"पालकाचं नाव सांगा," सबिहा म्हणाली.

गुरुपादप्पाने म्हाताऱ्याकडे बोट केलं. "यांचंच लिवा. फोन यांच्याच दुकानात हाय. मी दिवसभर रानात, मला कुठं घावणार तुमचा फोन?"

"बरं. पत्ता?"

"जुन्या गावाचा का नव्या?" मलप्पाने विचारलं.

"जुनं म्हणजे?"

"भूकंपात बसलं ते. नवं लिवा माय. पर मोटारवाले अजून जुन्यालाच वळखतेत."

भूकंप झाला तेव्हा सबिहा लहान होती. त्या पहाटे नांदेडला फडताळातली भांडी वाजली होती, एवढंच तिला अम्मीकडून माहीत. तिने नवं गाव लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली. चांदणीवाला रकाना: नातं. त्यात वडील, आई, काका, मामा असे पर्याय आधीच भरून ठेवलेले.

"मामा, मुलगी तुमची कोण लागते?"

"लागत काय न्हाई. गावातली हाय."

"मग नातं काय लिहू?"

"गाव लिवा की."

गुरुपादप्पाने मान डोलावली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. सबिहाने टोपण चावलं, मागे वळून पाहिलं, मग 'इतर' निवडून त्यापुढे टाईप केलं: गाव. सॉफ्टवेअरने मुकाट्याने ते घेतलं आणि मी जन्माला आलो. शेजारच्या खात्यांमध्ये वडील होते, आया होत्या. माझ्यात अख्खं गाव. तेव्हाच ओळखायला हवं होतं की माझ्या नशिबी विश्रांती नाही.

पालकांचे फोन कसे असतात ते मला विचारा. आधी मार्क, मग हजेरी, मग "अभ्यास करून राहिला का न्हाई?" आणि फोन ठेवता ठेवता, आठवलंच तर, "जेवतो ना नीट?" मलप्पाचा पहिला फोन आला तेव्हा सबिहाने रुद्राणीचे मार्क काढून ठेवले होते. म्हाताऱ्याने ते ऐकूनही घेतले नाहीत.

"पोरगी कितव्या मजल्यावर झोपती?"

"होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, मामा."

मग म्हातारा म्हणाला, "तिला खाली घ्या."

सबिहाने तक्रार नोंदवली. प्रकार: खोली. तपशील: तळमजला हवा. तळमजल्यावर फक्त आजारी मुलींना जागा मिळायची, आणि आजारांच्या यादीत म्हाताऱ्याची भीती कुठे बसत नव्हती. खिडकी आणि होस्टेल दोन्हींचे प्रमुख आदिनाथ सर. माणूस वाईट नाही, पण महिनाअखेरीला उघडी तक्रार दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी स्वतः मलप्पाला फोनवर समजावलं.

"मामा, सिमेंटची इमारत आहे. खांबावर उभी आहे. काही होत नाही."

"आमचं बी दगडाचं होतं, सायेब. दीड हात भिंत."

सरांनी फोन ठेवला आणि माझ्यात शेरा मारला: समाधान झाले. तक्रार बंद.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नवी तक्रार. महिना संपता संपता पुन्हा 'समाधान झाले'. असं किती वेळा झालं, सांगत बसत नाही. ज्याचं कधी समाधानच झालं नाही त्याच्या नावापुढे ते दोन शब्द वागवायचे, याचा मला शीण यायचा. मार्कांच्या ओझ्याने कुठलं खातं थकत नाही. खोट्याने थकतं.

एका दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती. सबिहाने विचारलं, "मामा, खरं सांगा, इतकं का लावून धरलंय?"

मग म्हातारा बोलला आणि ती सवयीने टाईप करत गेली. गणपती पाण्यात शिरवून तो पारावरच झोपला होता. पहाटे जमीन हालली. घर माळवदाचं, वर हातभर माती. आत बायको होती आणि लेक उमादेवी, ह्या रुद्राणीएवढीच. ती माडीवर झोपायची, तिथं वारा लागतो म्हणून. "वरनं आवाज देत होती माय. म्या खालनं म्हणलं, येतो, येतो. जिना भरला होता मातीनं. हातानं उकरत..."

माझ्या तपशिलाच्या रकान्यात अक्षरं मोजकीच मावतात. 'हातानं उकरत' इथे रकाना भरला. सबिहा बटणं दाबत राहिली, पण पुढचं एकही अक्षर उमटेना. मग तिने हात मांडीवर घेतले आणि नुसतं ऐकलं. पुढे म्हातारा काय म्हणाला ते माझ्यात नाही, तिच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी तिने रुद्राणीला खिडकीपाशी बोलावून घेतलं. या एवढ्या खटाटोपात त्या पोरीला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

"मला वरच राहायचंय ताई," रुद्राणी म्हणाली. "वर माझ्या मैत्रिणी हायेत. खिडकीतून लांबवर दिसतं. घरी म्या आजपर्यंत पत्र्याखालीच झोपली. आमच्या गावात कुणी माडी बांधत न्हाई, कुणी बांधायला निघालं की मामा आडवे पडतेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगा ना, मी खाली आले म्हणून. त्यांना काय दिसतंय तिथून?"

आदिनाथ सरांना हे फार पटलं. "सांगून टाक. म्हाताराही सुखी, पोरगीही सुखी. आणि आपली एक तक्रार कायमची मिटली."

खरंच, किती सोपं होतं! एक वाक्य बोलायचं आणि मला मिटायचं. मीसुद्धा मनातून म्हणत होतो, बोल बाई, सुटू दे मला. सबिहाने फोन लावला.

"मामा, रुद्राणीचं सांगायचं होतं."

"खाली आली का?"

त्या 'का'मध्ये इतकी आशा होती की सबिहाने पेन तोंडात धरलं. टोपण चावून चावून चपटं झालं.

"न्हाई मामा," ती शेवटी म्हणाली. "वरच आहे. तिला वर आवडतं. मी विचारलं तिला. तिला भीती वाटत नाही."

म्हाताऱ्याने तेच शब्द परत विचारले.

"भ्या वाटत न्हाई म्हणती?"

"हाव मामा."

"मंग ऱ्हाऊ द्या." तो खाकरला. "आता तिच्या मनात माझं भ्या कशाला घालू? पर म्या इचारत जाईन. त्याला न्हाई म्हणू नका."

"विचारा मामा. कधीपण विचारा."

त्या दिवसापासून सबिहाने ती तक्रार बंद होऊ दिली नाही. सर रागावले, फळ्यावर तिच्या नावापुढे लाल खूण केली. ती म्हणाली, "सर, समाधान झालेलं नाही, तर झालं कसं लिहू?" सर पुटपुटत निघून गेले. आणि मी पहिल्यांदा खरं बोलणारं खातं झालो. थकवा गेला नाही, पण लाज गेली.

दोन वर्षांनी रुद्राणीचा नंबर नांदेडला नर्सिंगला लागला. वळकटी उचलून ती गेली. म्हाताऱ्याचे फोन विरळ झाले, मग थांबले. मधल्या काळात क्लासने दुसरं, महागातलं सॉफ्टवेअर आणलं आणि निघून गेलेल्या मुलांची खाती पुसायला सांगितलं. माझ्यासमोर येऊन सबिहा अडली. उघडी तक्रार असलेलं खातं पुसलं जात नाही. आधी पालकाला फोन करायचा, तक्रार मिटली का विचारायचं, 'बंद' वर टिचकी मारायची. मी तयार होतो. कुणाला नको असते झोप?

तिने फोन लावला. मलप्पाचा आवाज बारीक झाला होता.

"मामा, रुद्राणी आता इथं नाही ना. तिच्या खोलीची तुमची तक्रार आहे, ती बंद करू?"

"ती नांदेडला हाय, ठावं हाय की मला. तिथं खालच्याच खोलीत हाय, सोताच घेतली म्हणं." मग त्याने विचारलं, "तिच्या जागी तिथं वर आता कोण झोपतंय?"

सबिहाने मला तसंच उघडं ठेवलं आणि शेजारी दुसरं खातं काढलं. मुदखेडच्या रिजवानभाईंची मुलगी, कशिश. नात्याच्या रकान्यात वडील, सगळं जिथल्या तिथे, तक्रार काही नाही.

"कशिश नाव आहे, मामा. मुदखेडची आहे."

"कशिश," म्हाताऱ्याने नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "बरी हाय का ती?"

"बरी आहे मामा."

"मंग इचारत जाईन."

सबिहाने माझ्यातलं विद्यार्थिनीचं नाव बदललं. नात्याचा रकाना तिने तसाच राहू दिला. तेव्हापासून त्या वरच्या खोलीत तीन मुली येऊन गेल्या आणि त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही की निलंग्याकडे त्यांचं एक गाव आहे.

मी दमलोय, हे सुरुवातीलाच सांगितलं. आज ना उद्या कुणीतरी मला पुसायला येईल, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण बाजाराच्या दिवशी दुपारी फोन वाजला, तर बाबांनो, तो उचला. आणि विचारल्यावर आधी वर जाऊन बघून या, मगच बरी आहे म्हणा.