चहात भिजवलेली रोटी

मी एक जुनी चहादाणी आहे, मित्रांनो. माझी तोटी फुटली होती, तिथे कारागिराने पत्र्याची टोपी बसवली आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. तरी सांगून पाहते.

इराणमधल्या गोंबद शहराच्या बाजारातून ओगुलबीबीने मला आपल्या नवऱ्यासाठी, खोजागेल्दीसाठी, विकत घेतले. तो शर्यतीचे घोडे तयार करी. आम्हा तुर्कमेनांच्या घरात प्रत्येक मोठ्या माणसाची चहादाणी वेगळी असते. दुसऱ्याच्या चहादाणीत कुणी डोकावत नाही. आणि चहा हवा उकळता. कोमट चहा पुढे केला, तर आपण लवकर उठावे अशी यांची इच्छा दिसते, असे पाहुण्याला वाटते. खोजागेल्दी पहिला कढत घोट घेऊन म्हणे, "वा! अशी चहादाणी साऱ्या गावात नाही!" मी फुलून जाई.

एका हिवाळ्यात त्याचा घास अडू लागला. मग तो तंदूरची रोटी चहात भिजवी आणि वर घोट घेऊन खाली ढकली. चहा जितका गरम तितका घास लवकर उतरतो, अशी त्याची समजूत. मी किती वेळा रिकामी होते, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार?

त्याची मुलगी सोना विचारी, "बाबा, मटण तसंच ठेवलंत? दात गेले की काय?"

"दात शाबूत आहेत गं. तुझ्या आईच्या हाताची चव गेली."

"मी इथेच बसलेय म्हटलं!" ओगुलबीबी फणकारे. "उद्यापासून घोड्याच्या तोबऱ्यात तोंड घाला."

सगळे हसत. मलाही गंमत वाटे. त्याचा कमरपट्टा मात्र सैल होत चालला होता. वसंतातल्या शर्यती होऊ देत, मग बघू, असे तो स्वतःशी पुटपुटे.

शर्यती झाल्या. पाणीही उतरेना, तेव्हा सोनाने त्याला शहरातल्या इस्पितळात नेले. दुसऱ्या चहादाणीतून तो पीत नसे, म्हणून मलाही पिशवीत घातले. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर सोनाला म्हणाले, "माझं काम नीट झालंय, ताई. पण पुढचं आयुष्य नुसतं माझ्या हातात नसतं. आजार शेजारच्या गाठींत पोचलाय आणि यांच्या अंगात ताकद उरलेली नाही. घास अडला तेव्हाच यायला हवं होतं."

घरी सोना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्याला थोडे थोडे, पण वारंवार भरवी. जेवल्यावर आडवे होऊ देत नसे. चहा निववून देई.

"हा चहा आहे की घोडा धुतलेलं पाणी?"

"घोडा धुतलेलंच आहे. प्या मुकाट्याने."

तो पिई. त्याला फार जगायचे होते, मित्रांनो. पुढच्या वसंताआधीच तो गेला.

आता माझ्यात कुणी चहा करत नाही. जेवायला कुणी आले की ओगुलबीबी त्याच्या घासाकडे टक लावून बघते आणि विचारते, "नीट गिळता येतंय ना?" पाहुणे अवघडतात. अवघडू देत. तुम्हीही आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांनी थट्टेवारी नेले, तर त्यांच्याबरोबर हसा. पण पुन्हा विचारा, आणि हाताला धरून डॉक्टरांकडे न्या.